पिवळा बोळा

१

पत्र संपदाच्या दाराच्या काचेवर चिकटपट्टीने लावलं होतं. दाराखालून सरकवता आलं असतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असं ते बाहेरून लावलेलं होतं, आणि त्या रस्त्यावर शनिवारी सकाळी भरपूर माणसं असतात. समोरच मठ आहे. शंभरेक वर्षांपूर्वी फ्रेंच साधूंनी बांधलेला, दोन मनोऱ्यांचा, पिळाच्या खांबांचा, चुन्यातल्या वेलबुट्टीने आणि गुबगुबीत देवदूतांनी खच्चून भरलेला. बरोक म्हणतात त्या शैलीला. साधू कधीच गेले. आता तिथे लग्नं लागतात आणि लोक कॉफी प्यायला येतात. मठाभोवतीची चाळीस घरं कौन्सिलने हेरिटेज म्हणून राखून ठेवली आहेत. त्यांतलं एखादं विकायला निघालं की ऑकलंडभर बातमी होते.

पत्रात लिहिलं होतं की घरात मेथचे अंश सापडले आहेत, घर राहण्यायोग्य नाही, सात दिवसांत रिकामं करावं. मेथ म्हणजे एक अमली पदार्थ, इथल्या बोलीतलं ‘पी’. ओढतात ते. पाच वर्षं त्या घरात फक्त संपदा आणि तिचा नवरा संग्राम राहत होते, त्यामुळे ते कुणी ओढलं हे पत्रात लिहायची गरज नव्हती.

संपदाने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती. एकेक वाक्य वाचून दाखवत होती, आवाज अगदी सपाट. राग मला तिथेच आला आणि पुढे अकरा दिवस तो उतरला नाही.

मी दमयंती सबनीस. आधी मिरजेच्या एका दूध संघात आणि मग एकवीस वर्षं इथे दूध पावडरीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत होते. त्या वर्षी, म्हणजे २०१७ मध्ये, नुकतीच निवृत्त झाले होते. नमुना कसा घ्यायचा, कसा बंद करायचा आणि तो वाटेत कुठे कुठे बिघडू शकतो, एवढंच मला कळतं. संपदा २००९ साली शिकायला आली तेव्हा माउंट रॉस्किलला आमच्या मागच्या खोलीत तीन वर्षं राहिली होती. मला मावशी म्हणते. आता ती एका वृद्धाश्रमात नर्स होती आणि संग्राम गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. घराचे मालक मिस्टर डोलन ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी शब्द दिला होता की लिलाव वगैरे काही नको, घर तुम्हालाच देईन. बँक तयार झाली. अट एकच, आधी मेथची तपासणी करून घ्या. त्या वर्षी सगळ्याच बँकांच्या डोक्यात ते खूळ होतं.

मी पोचले तेव्हा मधुवंती राजवाडे तिथे आधीच आली होती. साबुदाण्याची खिचडी घेऊन. ती बॉटनी डाउन्सला राहते. नवरा सुशील आयटीत, मराठी मंडळाच्या कमिटीवर. वडिलांच्या ऑपरेशनसाठी तो तीन आठवडे पुण्याला गेलेला होता. तरी ही एवढ्या लांबून गाडी काढून आली, याचं मला कौतुक वाटलं. तिने संपदाच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं की डोलन आता घर दुसऱ्या कुणाला देणार का.

संपदा म्हणाली की देतीलच. मग तिने मला सांगितलं की वृद्धाश्रमात तिने स्वतःच फोन करून हे कळवलं होतं, लपवायला नको म्हणून. त्यांनी तिचं नाव ड्यूटीच्या तक्त्यातून काढून टाकलं.

२

मला सगळ्यात आधी भिंती बघायच्या होत्या. या तपासणीत माणूस येतो, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा घेतो आणि प्रत्येक खोलीच्या भिंतीवर तळहाताएवढा एक चौकोन पुसतो. आठ खोल्या, आठ बोळे. प्रत्येक बोळा आपापल्या नळीत, नळ्यांवर फक्त एक ते आठ आकडे, आणि आठही नळ्या एका पिशवीत. घराचा पत्ता त्या पिशवीवरच्या स्टिकरवर.

चौकोन सगळीकडे सापडले. स्वयंपाकघरातला तर लांबूनच दिसत होता. संपदा रोज दोन वेळा फोडणी करते, आणि त्या जुन्या घराला एक्झॉस्ट नाही, कारण मठाकडच्या भिंतीला भोक पाडायची परवानगी मिळत नाही. भिंतीच्या लाकडी पट्ट्यांवर पाच वर्षांची हळद आणि तेल बसलेलं होतं आणि त्यात मधोमध एक पांढराशुभ्र चौकोन.

म्हणजे तपासणारा आला होता आणि त्याने काम नीट केलं होतं. घरी बसून खोटा अहवाल लिहिला असेल असा माझा पहिला अंदाज होता. तो तिथेच चुकला.

त्याचं नाव ग्लेन. सोमवारी मी त्याला एका पेट्रोल पंपाबाहेर गाठलं. तो मिन्स पाय, म्हणजे इथली खिम्याची पेस्ट्री, खाण्यात गुंग होता आणि मला टाळायच्या विचारात होता. मी त्याला म्हटलं की मी तक्रार करायला आलेले नाही, एका नमुने तपासणाऱ्या बाईला दुसऱ्याची पद्धत समजून घ्यायची आहे. मग तो मोकळा झाला. पत्राच्या आदल्या आठवड्यातल्या गुरुवारी त्याने दोन घरं केली होती. सकाळी मठासमोरचं, दुपारी मनुरेवा उपनगरातलं एक रिकामं घर. दोन्हीकडे आठ-आठ बोळे. दोन्ही घरांचं भाडं-व्यवहार एकच एजन्सी सांभाळते, म्हणून दोन्ही पिशव्या त्याने तीन वाजता एजन्सीत तिथल्या मॅनेजर ट्रेसीच्या टेबलावर ठेवल्या.

मठासमोरच्या घराचं काही लक्षात आहे का, असं मी विचारलं.

ग्लेन हसला. “तिथला किचनचा बोळा? मोहरीच्या सॉससारखा पिवळा झाला होता. ती बाई हीप्स ऑफ करी करत असणार.”

मी त्याला ते वहीत लिहिलेलं दाखवायला सांगितलं. त्याने दाखवलं. नळी क्रमांक तीन, पिवळा डाग, तेलकट.

३

प्रयोगशाळा ईस्ट तामाकीला आहे. तिथली प्रमुख हेलन हिला मी पंधरा वर्षं ओळखते. आम्ही एकाच कमिटीवर होतो आणि बहुतेक वेळा एकमेकींच्या विरुद्ध बाजूला. मिस्टर डोलनकडून मी एक सही घेऊन गेले होते, त्यांच्या घराचे नमुने मला दाखवावेत म्हणून. डोलन बिचारे गोंधळले होते. संपदा असं करेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता आणि कागदावर अविश्वास दाखवायची त्यांना सवय नव्हती. खोटा अहवाल करून त्यांचाही काही फायदा नव्हता. घराची किंमत त्यांचीच पडणार होती.

हेलन म्हणाली की तिच्या यंत्राने चूक केलेली नाही. मी म्हटलं, यंत्राबद्दल मी बोलतच नाहीये, मला फक्त तीन नंबरची नळी दाखव. तपासून झाल्यावर उरलेले नमुने ते महिनाभर ठेवतात.

तिने डोलनच्या नावाची पेटी आणली. आठ नळ्या, आठ बोळे. तिसरा बोळा पांढरा होता. आठही पांढरे होते.

हळद स्पिरिटमध्ये लगेच उतरते, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. फोडणीच्या भिंतीवर घासलेला बोळा पांढरा राहणं शक्य नव्हतं. ज्या बोळ्यांत मेथ सापडलं ते संपदाच्या घरातले नव्हतेच.

“हेलन,” मी म्हटलं, “त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या कुठल्या पिशवीत एखादा पिवळा बोळा आहे का, तेवढं बघ. पत्ता मला सांगू नकोस.”

ती आत गेली. वीस मिनिटांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने पत्ता सांगितला नाही. एवढंच म्हणाली की दोन्ही पिशव्यांवरच्या स्टिकरवर वरून पारदर्शक टेप लावलेली आहे, आणि ग्लेनच्या आजवरच्या एकाही पिशवीवर तशी टेप नाही. स्टिकर एकदा काढला की पुन्हा नीट चिकटत नाही.

पिशव्या कुरिअरने आल्या का, असं मी विचारलं. तिने आवक वही माझ्यासमोर धरली. कुरिअर त्यांच्याकडे सकाळी येतो. या दोन पिशव्या गुरुवारी संध्याकाळी चार वीसला आल्या होत्या, आणि पुढे लिहिलं होतं, हातपोच.

४

पिशव्या तीनला ट्रेसीच्या टेबलावर होत्या आणि चार वीसला प्रयोगशाळेत. ग्लेनने स्टिकर बदलले असते तर पिवळ्या बोळ्याची गोष्ट त्याने मला हसत हसत सांगितली नसती. वहीत तर मुळीच दाखवली नसती. उरली ट्रेसी.

तिच्या ऑफिसात मठाचा मोठा फोटो लावलेला होता आणि खाली लिहिलं होतं, इतिहासाच्या शेजारी राहा. मी खुर्चीवर बसायच्या आधीच तिने सांगून टाकलं की नमुने कुरिअरने गेले. नेहमी तसेच जातात. मी तिच्यासमोर आवक वहीचा फोटो ठेवला. तो तिने दोनदा वाचला.

दारावर पत्र तिनेच लावलं होतं, आणि मला तिचा राग होता तो त्या चिकटपट्टीचा. ते मी तिला सांगितलं. पाच वर्षं वृद्धांची सेवा करणाऱ्या मुलीला तू भर रस्त्यावर ओढलंस, आणि एक पिशवी तुला नियमाप्रमाणे पाठवता आली नाही. ती लाल झाली. मग खालच्या आवाजात म्हणाली की त्या दिवशी कुरिअरचा माणूस येऊन गेला होता. मनुरेवाच्या घराची मालकीण कागदांवर सह्या करायला आली होती. ती म्हणाली, प्रयोगशाळा माझ्या घरच्या वाटेवरच आहे, मी देते. बाई चांगली होती. ट्रेसी म्हणाली, स्वीट अ‍ॅज, म्हणजे चालेल की. नमुने असे मालकाच्या हातात द्यायचे नसतात हे तिला माहीत होतं, म्हणून नंतर ती कुरिअरचंच नाव सांगत राहिली.

त्या मनुरेवाच्या घराचं काय प्रकरण आहे, असं मी विचारलं. ट्रेसीने खांदे उडवले. ऑगस्टमध्ये एजन्सीने स्वस्तातल्या किटने तिथे तपासणी केली होती, त्यात मेथ निघालं. अरोहा नावाची भाडेकरू होती, तिला बाहेर काढलं. मालकिणीला ते घर विकायचं होतं, त्यासाठी प्रयोगशाळेचा कागद हवा होता. या वेळी कागद स्वच्छ आला आणि घर आठवड्यात विकलं गेलं. न धुता, न पुसता. ट्रेसीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. स्वस्त किट खोटं बोलतात, एवढंच तिने मनाशी म्हटलं होतं.

मालकिणीचं नाव मात्र ती सांगेना. खाजगी बाब आहे म्हणाली. घर एका कंपनीच्या नावावर आहे, एवढंच तिच्या तोंडून निसटलं. आणि आणखी एक गोष्ट. मठासमोरचं घर आता खाली आलेल्या किमतीला घ्यायला डोलनना कालच एक पत्र आलं होतं. तेही त्याच कंपनीचं.

५

या देशात कुठलीही कंपनी कोणाची हे घरबसल्या बघता येतं. डोलननी मला ते पत्र दाखवलं, मी कंपनीचं नाव टाकलं. संचालक एकच, सुशील राजवाडे.

मी स्वयंपाकघरात उभी होते. माझा नवरा सुधाकर भाजी चिरत होता. मी नाव मोठ्याने वाचलं तेव्हा त्याने विळी बाजूला सारली आणि म्हणाला की सुशील तर त्या गुरुवारी पुण्यात होता.

तो होता. त्याची बायको इथे होती.

बॉटनी डाउन्सला मी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेले. सुशील आदल्या दिवशीच परतला होता. मधुवंतीने दार उघडलं आणि संपदा कशी आहे असं विचारलं. मी चपला न काढताच आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

मी सगळं क्रमाने सांगितलं. पिवळा बोळा, टेप, चार वीस. सुशील प्रत्येक वाक्याला तिच्याकडे बघत होता, आणि त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं हे मला दिसत होतं. मधुवंती आधी म्हणाली की तिने फक्त पिशव्या पोचवल्या. मी म्हटलं, हेलनने दोन्ही टेपांवरचे ठसे पोलिसांसाठी राखून ठेवले आहेत. मग तिने बोलणं बदललं.

“ते घर मी तिच्याही आधी पाहिलं होतं,” ती म्हणाली. “दहा वर्षं झाली आम्हाला या देशात. सुशील रात्रंदिवस राबतो. आणि मठासमोरचं घर कुणाला, तर म्हाताऱ्यांचे डायपर बदलणाऱ्या पोरीला? दोन स्टिकर बदलले मी. कुणी मेलं का?”

तिच्या मनुरेवाच्या घराचा डाग दोन स्टिकरांनी पुसला गेला होता आणि तोच डाग संपदाच्या कपाळावर जाऊन बसला होता. घर विकलंही गेलं आणि हवं ते घर स्वस्तही झालं. वर ती खिचडी घेऊन आली होती.

माझा हात उठला होता. तो मी पर्सवर घट्ट दाबून धरला. सुशील मध्ये पडला. त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला की काकू, हे आपल्यातच मिटवू, तो डोलनना भेटेल, मंडळाचं नाव जाईल, दिवाळीचा कार्यक्रम तोंडावर आलाय.

“संपदाचं नाव दारावर चिकटवलं तेव्हा आपल्यात मिटवलं होतं का?” मी म्हटलं. “पोलिसांकडे तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला, नाहीतर मी एकटी जाते.”

मी एकटीच गेले.

६

त्याच आठवड्यात हेलनने दोन्ही अहवाल मागे घेतले आणि नवे दिले. मिस्टर डोलन स्वतः आमच्या घरी आले, कारण संपदा आणि संग्राम तोवर पुन्हा आमच्या मागच्या खोलीत राहत होते. त्यांनी टोपी हातात धरली आणि ठरलेल्या किमतीला घर देतो म्हणाले. संपदाने लगेच हो म्हटलं नाही. माझी चूक नव्हती हे वृद्धाश्रमाने लिहून द्यावं, मग बघू, असं तिने सांगितलं. वृद्धाश्रमाला ते पत्र द्यायला तीन आठवडे लागले. ते आल्यावरच तिने घराच्या कागदांवर सही केली. मधुवंतीचं प्रकरण कोर्टात गेलं आणि तिला समाजसेवेचे तास भरायची शिक्षा झाली. मंडळातल्या काही जणांनी मला सुनावलं की गोऱ्यांसमोर आपल्याच माणसांचे धिंडवडे काढले. मी मंडळात जाणं सोडलं.

गोष्ट तिथे संपली असं मी धरून चालले होते. मग पुढच्या वर्षी मे महिन्यात सरकारचाच एक शास्त्रीय अहवाल आला. कुणी घरात मेथ ओढलं असेल तर त्याच्या भिंतीवर उरलेल्या अंशांनी कुणाचं काही बिघडतं, याला पुरावाच नाही, असं त्यात होतं. इतकी वर्षं शेकडो माणसांना ज्यासाठी घराबाहेर काढलं, ते सगळं फुकटचं होतं. मी तो पेपर वाचून टेबलावर आपटला. सुधाकर शांतपणे म्हणाला, “मग त्या मनुरेवाच्या बाईचं काय?”

मला नाव आठवायला वेळ लागला. त्याची मला लाज वाटली.

भाड्याच्या भांडणांचे निकाल इथे इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. अरोहाचा निकाल सापडला. तिने सांगितलं होतं की मी कधी सिगरेटही ओढलेली नाही, आधीच्या भाडेकरूचं असेल, मी राहायला आले तेव्हा घर कुणी तपासलंच नव्हतं. कुणी ऐकलं नव्हतं. ती आता मनुरेवामध्येच बहिणीच्या गॅरेजमध्ये तीन मुलं आणि आईला घेऊन राहत होती.

मी गेले तेव्हा ती गॅरेजच्या दारात कपडे वाळत घालत होती. तिने किया ओरा म्हणून माओरी नमस्कार केला, मीही केला. मी कोण, ते बोळे, ते स्टिकर, नवा अहवाल, सगळं सांगितलं. आता निकाल पुन्हा उघडायचा अर्ज करता येईल, तो लिहायला मी मदत करीन, असंही सांगितलं. तिने हातातला चिमटा दोरीला लावला आणि मग वळली.

“तुझ्या त्या पोरीचे बोळे स्वच्छ निघाले आणि घाणेरडे माझ्या घरचे, हे कळलं तेव्हा माझ्याबद्दल तुला काय वाटलं?”

खोटं बोलता आलं असतं. “हिने ओढलं असणार, असंच वाटलं,” मी म्हटलं. “मी विचारसुद्धा केला नाही.”

अरोहाने कपड्यांची बादली पायाने बाजूला सारली. त्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणाचा तरी राग माझ्यावर होता आणि तो रास्त होता. मग ती आत गेली आणि कागदांनी भरलेली सुपरमार्केटची एक पिशवी घेऊन बाहेर आली. ती तिने माझ्या हातात दिली.

“तिच्यासाठी किती दिवस लागले तुला?” तिने विचारलं.

“अकरा.”

“मग आजचा पहिला,” ती म्हणाली, आणि माझ्यासाठी एक खुर्ची ओढली.